चर्चची वेबसाइट बनवताना : नवख्यांसाठी प्राथमिक सूचना

आधी कमिटी नेमा. पहिल्या बैठकीत वेबसाइटचा रंग निळा ठरेल, दुसऱ्या बैठकीत तो बदलेल. तोवर चहा घ्या.

‘आपलं चर्च सगळ्यांना ठाऊक आहे, वेबसाइट कशाला?’ असं कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणतीलच. वसईत हे खपून जाईल. तिथे वाटेवरचा कुणीही माणूस बोट दाखवून रस्ता सांगतो. नवी मुंबईत सिडको आली 1970 साली, आणि आगरी-कोळी सोडले तर इथला जो तो कुठून तरी आलेला. अकरा महिन्यांच्या करारावर यंदा घणसोलीत, पुढच्या वर्षी खारघरला. अशाने विचारायचं कुणाला? शेजारीही परवाच आलेले असतात.

पत्ता पुरता लिहा. नुसतं ‘सेक्टर 10’ लिहाल तर माणूस फिरत बसेल. वाशीला तो आहे, नेरूळला आहे, खारघरलाही आहे. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं तेही सांगा.

मुख्य पानावर स्वागताचं लांबलचक पत्र आणि मुंबईच्या आर्चबिशपांचा फोटो टाकायची रीत आहे. टाका बापडे. फक्त जानेवारी 2025 पासून तिथे ऑस्वाल्ड ग्रेशस नव्हे, जॉन रॉड्रिग्ज हवेत. पण त्याच्याही वर मिस्सेची वेळ आणि भाषा येऊ द्या : इंग्रजी, कोकणी, मलयाळम, तमिळ, मराठी, कोणती किती वाजता. रात्रपाळी उरकून निघालेल्या नर्सला चर्चचा इतिहास नको असतो. साडेसातची मिस्सा मिळेल की आठची, एवढंच हवं असतं.

नाताळचं पान मात्र निगुतीने करा. त्या दिवशी गव्हाणी बघायला सोसायट्याच्या सोसायट्या लोटतात, त्यांत निम्मे आयुष्यात पहिल्यांदा चर्चची पायरी चढलेले. त्यांचे प्रश्न साधे असतात. चपला काढायच्या का? फोटो चालतो का? पुढे कम्युनियनची रांग लागली की प्रसाद समजून तेही हात पुढे करतात. ती रांग बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांची, इतरांनी बाकावर बसून राहिलं तरी अपमान होत नाही, हे दोन ओळींत आणि गोड शब्दांत लिहा. ‘सक्त मनाई’ हे शब्द वीज मंडळासाठी सोडा. आणि ‘मध्यरात्रीची मिस्सा’ लिहिलंत तर घड्याळातली वेळही लिहा. लाउडस्पीकरच्या नियमांमुळे ती पुष्कळदा लवकरच सुरू होते.

खजिनदार पैशांवर अडले, तर कार्लो अकुटिसचं नाव काढा. 2006 साली पंधराव्या वर्षी वारलेला हा मुलगा वेबसाइट बनवायचा. सप्टेंबर 2025 मध्ये पोप लिओंनी त्याला संत घोषित केलं. खुद्द व्हॅटिकनची वेबसाइट 1995 च्या नाताळातली आहे. यापुढे खजिनदारांचं काही चालणार नाही.

शेवटची सूचना पासवर्डची. तो एकट्या उत्साही युवकाकडे ठेवू नका. उत्साही युवक कॅनडाला जातो. मग ईस्टर उलटला तरी मुख्य पानावर बर्फ पडत राहतो, आणि त्याला पाठवलेला मेसेज एका टिकवर अडकून बसतो.