मांड ठोकून बसा, काका!

मी सांगलीचा, सासुरवाडी साताऱ्याची. त्यामुळे आमच्या घरात घोडा हा नाजूक विषय आहे. सासरकडच्या कुणालाही मी बुलेटखेरीज कशावर मांड ठोकलेली पाहिलेली नाही; पण पूर्वज घोडदळात होते, तेवढं त्यांना पुरतं. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर. साताऱ्यात भेटतात ते सगळे शिलेदारांचेच वंशज. बारगीर बहुधा निपुत्रिक वारले असावेत.

सांगलीकराकडे यावर तोडगा आहे, तो म्हणजे विष्णुपंत छत्रे. गाव अंकलखोप. ग्वाल्हेरला जाऊन हा माणूस गाणं आणि घोडा दोन्ही शिकला. गाण्याचे गुरू साक्षात हद्दूखाँ. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानात घोड्यांची जबाबदारी सांभाळताना मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियनाची सर्कस पाहिली आणि ‘हे हिंदुस्थानी माणसाला जमायचं नाही’ ही त्याची शेखी जिव्हारी लागली, असं सांगतात. १८८०च्या सुमारास पंतांनी स्वतःची सर्कस उभी केली. मग म्हैसाळचे देवल, तासगावचे माळी असे आमच्याकडचे सर्कशीचे तंबू देशभर फिरले. सर्कशीचं रिंगण ४२ फूट व्यासाचं असतं, तेही घोड्याच्या हिशेबाने. तेवढ्या गोलात धावणारा घोडा आत कलतो आणि त्याच्या पाठीवर उभ्या माणसाला तोल सापडतो. मेव्हण्यांना हे ऐकवलं की ते पेढ्यांचा बॉक्स पुढे करतात. विषय बदलायची ही साताऱ्याची जुनी रीत.

अशा वातावरणात ‘वेण्णा लेकवर घोड्यावर बसून काढलेला फोटो’ एवढ्या पुंजीवर पन्नाशी निभत नाही, म्हणून घोडेस्वारी सुधारायचं ठरवलं. “सुधारायला आधी ती येत असावी लागते,” असं बायको म्हणाली. ते असो.

सुरुवात पाचगणीला टेबललँडवर. घोड्याचं नाव बादल. मी रुबाबात लगाम डावीकडे ओढला. बादलने एक कान मागे फिरवला, माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि तो उजवीकडे वळला. “लगाम ओढू नका काका, त्याला रस्ता पाठ आहे,” घोडेवाला पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. परत फिरायची जागा, फोटोला थांबायची जागा, सगळं बादलला ठाऊक. त्याच्या पाठीवर पर्यटक काय अन् पोतं काय. तिथे शिकलेला असतो तो घोडा.

खरं शिक्षण मिरजेच्या बाजूला एका निवृत्त फौजी रिसालदारांकडे सुरू झालं. त्यांचा पहिला धडा नजरेचा. “खाली काय बघताय? जमीन कुठं पळून चालली नाही.” घोड्याच्या दोन कानांमधून लांब बघायचं. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत. रिकिबीत चवडा, टाच खाली. भीती वाटली की आपण पाय आवळतो आणि घोड्याला तो पुढे पळायचा हुकूम वाटतो. तो पळतो, आपण आणखी आवळतो. घोडा उधळला म्हणणाऱ्या पुष्कळांनी तो असाच स्वतः उधळवलेला असतो.

आणि मग दुडकी! दुडकीत घोड्याचे तिरके दोन-दोन पाय एकदम पडतात, त्यामुळे पाठ दर ठोक्याला वर येते. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. मी नेमका उलटा. भडंग परतताना कढईत शेंगदाणा उडावा तसा उडत होतो. “तालात, काका, तालात!” रिसालदार ओरडत होते. विष्णुपंत गाणं आणि घोडा बरोबरच का शिकले, याचा उलगडा मला त्या मैदानावर झाला.

रिसालदारांची घोडी रमली ती मात्र मी तोंडाने ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणायला लागल्यावर. म्हणजे श्वास सुटला, अंग सैल झालं, आणि तिनेही मान खाली सोडून फुरफुर केली. घोड्याला आपला धीर पाठीच्या कातडीवरून कळतो. तिथे खानदान सांगून भागत नाही.

तेव्हा समस्त सातारकर पाहुण्यांना एकच विनंती. पूर्वजांच्या पराक्रमाबद्दल जरूर बोला. पण एकदा घोडी दुडकीवर घ्या आणि ‘अटकेपार झेंडे’ हे दोन शब्द न तुटता म्हणून दाखवा. जमलं, तर पेढे माझ्याकडून.