घडणावळ किती घेतोस?

नातेवाइकांत मी ‘सोन्याचं काम करणारा’ म्हणून प्रसिद्ध आहे. एका लग्नात मावशीनं पंगतीतच विचारलं, “घडणावळ किती घेतोस रे?” आता तिला काय सांगू, माझ्या शंभर मिलिलीटर द्रावणात सोनं जेमतेम पाच मिलिग्रॅम! सोन्याच्या संयुगाचं फिकट पिवळं पाणी उकळायचं, त्यात सोडियम सायट्रेट घालायचं आणि बघत बसायचं. पाणी रंग टाकतं, काळपट निळं पडतं आणि बघता बघता लालबुंद होतं. टर्केविच मंडळींनी 1951 मध्ये दिलेली ही कृती माझ्यासारख्यालाही जमते, यातच तिचा थोरपणा. त्यात तयार झालेले सोन्याचे नॅनोकण 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून द्रावण लाल दिसतं.

त्यावर मी 532 नॅनोमीटरच्या लेझरचे स्पंद सोडतो, प्रत्येक काही नॅनोसेकंदांचा. मंद प्रकाशातला ठरावीक वाटा कण मुकाट्यानं गिळतात. जोर वाढला की त्यांचं पोट भरतं आणि जास्तीचा प्रकाश आरपार जातो. (आणखी जोर लावला, तर पुन्हा जास्त गिळू लागतात. सोन्याचे नखरे!) मोजायची रीत झेड-स्कॅन: द्रावणाची काचेची कुपी, म्हणजे क्युव्हेट, भिंगाच्या नाभीतून पुढं सरकवायची आणि पलीकडं किती प्रकाश पोचतो ते टिपायचं. नाभीपाशी तीव्रता सर्वाधिक, म्हणून आलेखाला तिथं शिखर.

माझं शिखर इतकं देखणं आलं, की मी ते मोबाइलचं वॉलपेपर केलं.

“लेझर मंद करून पाहिलास?” सरांनी विचारलं. मंद केला. शिखर बुटकं व्हायला हवं होतं, पण तसूभरही खाली आलं नाही.

“आता नुसतं पाणी भर.”

पाण्यालाही शिखर! क्षणभर वाटलं, पाण्याचा अज्ञात गुणधर्म हाती लागला. स्टॉकहोमच्या थंडीला कोणता कोट चालेल, इथपर्यंत मी पोचलो. सरांनी क्युव्हेट उजेडात तिरकी धरली. काचेवर, मध्याच्या जरा कडेला, माझा अंगठा. वडापावच्या तेलासकट. नाभीपासून दूर झोत रुंद असतो, त्या ठशाला घासून जातो आणि प्रकाश कमी पडतो. नाभीत तो केसाएवढा होतो आणि शेजारच्या स्वच्छ काचेतून सुखरूप निसटतो. आधार केंद्रातलं यंत्र हाच अंगठा ओळखायला कायम नकार देतं, ते सोडा.

काच पुसली. पाण्याचा आलेख सपाट झाला. सोन्याचं शिखर आलं, पण बुटकं, एका अंगाला कललेलं.

“हं, हे सोन्याचं दिसतंय,” सर म्हणाले आणि क्युव्हेट माझ्याकडं दिली. टिश्यूत धरून.