आप्पा गिअर बदलतात

आप्पांच्या गाडीत बसायचं तर आधी वजन सांगावं लागतं. पुरुष सांगून मोकळे होतात. बायका मागच्या दारापाशी घुटमळतात, मग आप्पाच समजूत घालतात, "वहिनी, कोणाला सांगणार नाही. फक्त सूत्रात घालायचं." आणि खिशातली डायरी काढून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं पण शेजारच्या दोन बंगल्यांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात, आकडा लिहून घेतात. माणसं, डिकीतली भरताची वांगी, टाकीतलं डिझेल, सगळ्याची बेरीज झाल्याशिवाय किल्ली फिरत नाही. गाडी किती जोराने उचलेल हे ओढ भागिले वस्तुमान असं ठरतं, आणि भागाकारात खालचा आकडा खोटा असला की वरचा कितीही खरा असून उपयोग नाही, हे ते प्रत्येक नव्या प्रवाशाला सांगतात.

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मूळ गाव धुळे जिल्ह्यात, घर जळगावात, लेक धुळ्याला देवपुरात दिलेली. उभी हयात त्यांनी आलेखाच्या कागदावर काढली. नदीला पूर किती वाजता चढला, कालव्यात विसर्ग कधी उतरला, सगळं निळ्या चौकटींत. विश्वेश्वरय्यांनी 1884 साली मुंबई इलाख्याची नोकरी धरली आणि सुरुवातीच्याच कामात आपल्या पांझरेवर दातर्तीला नळाचा सायफन बांधला, हे आप्पा इतक्या आपलेपणाने सांगतात, की पाने उचलून द्यायला तेव्हा तेच हजर होते असं वाटावं. निवृत्तीनंतर नदी सुटली, कागद सुटले नाहीत. अशा वेळी मुलाने त्यांना एक जुनी डिझेल डिझायर घेऊन दिली, आणि गाडीच्या माहितीपत्रकात आप्पांना दोन ओळी सापडल्या: 75 पीएस, 4000 फेऱ्यांना. 190 न्यूटन-मीटर, 2000 फेऱ्यांना.

इतर लोक या ओळी वाचून "पिकअप चांगला असेल" म्हणतात आणि अ‍ॅव्हरेज विचारतात. आप्पांना प्रश्न पडला, की टॉर्क दोन हजारांवरच शिगेला पोचतो, पॉवर मात्र चार हजारांवर, तर गिअर नेमका कधी बदलायचा?

आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर या प्रश्नावर जनमत घेतलं गेलं. बहुमत टॉर्कच्या बाजूने पडलं. दोन हजारांवर गाडी सगळ्यात जास्त ओढते, मग तिथेच बदलावा. आप्पांनी डोळे मिटले. कालव्याच्या दारावर बसून पाणीपट्टी न भरणाऱ्यांकडे बघताना ते असेच डोळे मिटत असावेत. मग म्हणाले, "टॉर्क गुणिले फेरे भागिले 7024. करा."

कोणी केलं नाही. त्यांनीच केलं. दोन हजारांवर 190 न्यूटन-मीटर म्हणजे पॉवर फक्त 54 पीएस. पंचाहत्तरातले एकवीस घोडे अजून तबेल्यातच. चार हजारांवर टॉर्क 132 पर्यंत उतरलेला असतो, पण फेरे दुप्पट झाल्यामुळे काम जास्त होतं. "आणि चाकाला इंजिनाचा टॉर्क थेट मिळतच नाही," आप्पा म्हणाले, "गिअरने गुणून मिळतो. खालचा गिअर सोडला की गुणकच गेला." टपरीवाल्याने मध्येच कोणाचा कट, कोणाचा फुल असं विचारलं. जनमत तिकडे वळलं.

आता माहितीपत्रकात दोनच बिंदू असतात, आणि दोन बिंदूंतून फार तर सरळ रेष जाते. आप्पांना अख्खा वक्र हवा होता. तो काढण्याची जागा पुण्यात आहे. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधनाची संस्था आहे, 1966 पासूनची. तिथे इंजिन डायनमोमीटरला जोडतात, भार टाकतात आणि दर फेऱ्याला किती टॉर्क निघतो ते मोजून आलेख काढतात. आमच्याकडची माणसं पुण्याला गेली की सारसबागेत जातात, दगडूशेठला जातात. आप्पा एआरएआयच्या फाटकापर्यंत जाऊन, बाहेरूनच नमस्कार करून परत आले.

मग त्यांनी वक्र घरीच काढायचं ठरवलं. जळगाव-धुळे वाटेवरचा तरसोद ते फागणे रस्ता चौपदरी झाला आणि या संशोधनाला प्रयोगशाळा मिळाली. सकाळी लवकर, पारोळ्याच्या पुढचा मोकळा टप्पा गाठायचा, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा आणि काट्याचं चित्रण करायचं. दर सेकंदाला वेग किती वाढला ते नंतर चित्र थांबवून थांबवून लिहायचं. वेगवाढ गुणिले वजन म्हणजे ओढ. ओढीवरून पॉवर. मग गाडी न्यूट्रलला सोडून ती आपोआप किती मंदावते ते मोजायचं, म्हणजे वारा आणि टायर किती खातात ते कळतं. पद्धत चोख. चित्रणाचं काम काकूंकडे.

पहिल्या चित्रणात काट्याऐवजी काकूंचा अंगठा आला. दुसऱ्यात काटा आला, पण मध्येच लेकीचा फोन आला आणि 3200 ते 3900 च्या दरम्यानचं विज्ञान "हॅलो, हो निघालो, पारोळा गेलं, तू कुकर लाव" या संभाषणाखाली कायमचं गाडलं गेलं. आप्पांच्या वहीत त्या जागी आजही तुटक रेघ आहे आणि समासात लिहिलंय: "कुकर."

तरी वक्र झाला. आप्पांनी तो मला गच्चीवर नेऊन दाखवला. पेन्सिलने काढलेली एक टेकडी: डावीकडून चढ, चार हजारांवर माथा, मग उतार. "भाऊ, इथं बघा," ते म्हणाले. त्यांचं बोट माथ्यावर थांबलं नाही. माथा ओलांडून उतारावर गेलं. "सगळे म्हणतात, शिखरावर बदला. चूक. समजा दुसऱ्याचं गुणोत्तर 2, तिसऱ्याचं 1.3. चार हजारांवर बदलला तर इंजिन पडतं 2600 वर. इथं 75 घोडे सोडले, तिथं पासष्ट मिळाले. तोटा. म्हणून शिखर ओलांडू द्यायचं. साडेचार हजारांवर या. इथं राहिलेत अडुसष्ट. बदलला तर पडतं 2925 वर, तिथंही अडुसष्ट. टेकडीच्या दोन्ही अंगाला सारखी उंची. बस, हाच क्षण."

मी चाकाकडून पडताळा मागितला. खरं तर मला खाली जायचं होतं, पण तेवढं विचारायला नको होतं. आप्पांचा चेहरा उजळला. साडेचार हजारांवर टॉर्क 106, गुणिले 2, झाले 212. तिसऱ्यात टॉर्क 163, गुणिले 1.3, झाले 212 ला एक कण कमी. दोन्ही वाटांनी उत्तर एकच. त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू गिरणेचं पाणी पहिल्यांदा शेवटच्या चारीपर्यंत पोचलं होतं.

हे उत्तर बरोबर आहे, यात वाद नाही. जिथे दोन गिअरांच्या ओढीचे वक्र एकमेकांना छेदतच नाहीत तिथे इंजिन परवानगी देईल तिथवर ताणायचं, हेही बरोबर. फक्त साडेचार हजार फेऱ्यांवर डिझेल इंजिन जो आवाज करतं, तो ऐकून काकू दाराची मूठ धरतात, आणि डिझेलचा काटा ज्या गतीने उतरतो, तो पाहून आप्पा स्वतःच काळजीत पडतात. त्यामुळे हा क्षण ते फक्त ओव्हरटेकला साधतात. एरवी दोन हजारांच्या आसपास शांतपणे बदलतात, टपरीच्या बहुमताप्रमाणे. टपरीला हे अजून कळलेलं नाही.

एकदा पाळधीच्या पुढे चहाला थांबलो असता रावेरहून केळी भरून निघालेल्या ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्या तावडीत सापडला. आप्पांनी त्याला विचारलं, तुम्ही गिअर कधी बदलता? तो म्हणाला, मीटरवर हिरवा पट्टा आहे, काटा त्यात ठेवायचा. डिझेल कमी लागतं, मालक खूश. आप्पांनी त्याला समजावलं, की हिरवा पट्टा 'स्वस्तात कसं' याचं उत्तर देतो, 'लवकर कसं' याचं नाही. दोन्ही प्रश्न वेगळे, दोन्हींचे आलेख वेगळे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग धुय्याले कितला लवकर पोचतस, आप्पा?"

आप्पा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "एका ओव्हरटेकला सेकंदभर वाचतो."

"सेकंद?" तो उठता उठता म्हणाला. "त्या सेकंदाचं काय करतस मंग?"

आप्पांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. ते अजून वाऱ्याच्या विरोधापर्यंतही आले नव्हते, तोच ट्रक हलला.

पण आप्पांची खरी अडचण गाडीत नाही, गाडीबाहेर आहे. हा नियम त्यांनी गिअरपुरता ठेवला नाही. शिखरावर सोडायचं नाही. पुढची गोष्ट तेवढीच ओढायला लागेपर्यंत चालू गोष्ट ताणायची. त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारताना विषय रंगात आला की माणसं निरोप घेऊ बघतात, आणि आप्पा तिथून पुढे उताराला लागतात. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत निम्मे घोडे विझेपर्यंत पुढचा विषय येत नाही. लग्नातही तेच. खापरावरचे मांडे वाढायला आले की आप्पा हात आखडता घेत नाहीत, आणि मांड्यांची गोडी वरणबट्टीइतकी उतरेपर्यंत पानावरून उठत नाहीत. वाढपी त्यांना ओळखतात. त्यांची पंगत शेवटी धरतात.

सगळ्यात महाग पडलं ते कापसात. 2022 च्या उन्हाळ्यात खान्देशात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात प्रत्येकाला तोच आकडा दिसत होता, आणि घराघरात कापूस साठला. आप्पांची पारोळ्याजवळ थोडी शेती आहे. त्यांनी भावाचा आलेख काढला, भिंतीला लावला आणि शिखराची वाट बघत बसले. शिखर ओलांडल्यावर, दुसऱ्या अंगाला, सारख्या उंचीवर विकायचं. भाव आठ हजारांच्या खाली आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण उतारावरच आलेख काढायला बसलो होतो. तोवर पुढच्या खोलीतल्या कापसाने घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती. कापूस विकला त्या दिवशी आप्पा मला एवढंच म्हणाले, "इंजिनाचा वक्र आधी मिळतो, भाऊ. याचा नंतर मिळतो." त्यांच्या तोंडून इतक्या कमी शब्दांत संपलेला विषय मी तेवढा एकच ऐकला आहे. मग थोडं थांबून म्हणाले, "तरी दोन हंगामांची सरासरी घेतली असती तर..." आणि नेहमीसारखे उताराला लागले.

गेल्या दिवाळीला मुलगा पुण्याहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. आप्पा चालकाच्या जागी बसले आणि डावा हात सवयीने खाली गेला. तिथे एक गोल खटका होता. गिअर नव्हते. मुलाने सांगितलं, की मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क देते, एकच ठरलेलं गुणोत्तर पुरतं, बदलायचं काही नाही. आप्पा काही बोलले नाहीत. डिझायरमधलं ते इंजिन कंपनीने 2020 मध्येच बंद केलं, हे त्यांना ठाऊक होतं. पण प्रश्नच बंद होईल असं वाटलं नव्हतं. सूनबाईंनी चहा दिला, तो गार झाला. काकूंना काळजी वाटली. मला म्हणाल्या, "पूर आलेला परवडतो, भाऊ. हे गप्प बसले की भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सगळे धुळ्याला निघाले. शिष्टाचार म्हणून मलाही घेतलं, आणि वजन कोणीच विचारलं नाही तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं. वाटेत ढाब्याशेजारच्या चार्जरला गाडी लावली. मुलगा म्हणाला, ऐंशी टक्क्यांपर्यंत पटकन होतं, मग बॅटरी सांभाळायला वेग कमी होत जातो.

"कमी होत जातो? कसा?" आप्पा म्हणाले.

मुलाने पडद्यावरचा आकडा दाखवला. किलोवॉट उतरत होते. आप्पांनी खिशातून डायरी काढली. आम्ही आत जाऊन बसलो. काचेतून ते दिसत होते: चार्जरसमोर उभे, दर मिनिटाला आकडा टिपत, मागे दुसरी गाडी येऊन थांबलेली, आणि तिच्या चालकाला आप्पा काहीतरी समजावत. चालक मान डोलवत होता. त्याच्याकडे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

शेवभाजी टेबलावर आली आणि आप्पा दारात उभे राहिले. चेहऱ्यावर गच्चीवरचं तेज परत आलं होतं. "उठा सगळे! इथून पुढे थांबण्यात तोटा आहे. आलेख उतरला. हाच क्षण!"

काकूंनी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला. "तुमच्या चार्जरचा उतरला असेल," त्या म्हणाल्या. "माझ्या शेवभाजीचा आत्ता कुठे चढून राहिला."

आप्पा दारातच थबकले. हरकत घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. नियम त्यांचाच होता, आणि बरोबर लागू केलेला होता. त्यांनी मुलाला गाडी काढून मागच्याला जागा करून द्यायला सांगितलं, स्वतः काकूंच्या शेजारी बसले आणि पोऱ्याला हाक मारून आणखी एक शेवभाजी मागवली. ती मात्र, मी पाहिलं, त्यांनी उतार लागून बराच वेळ झाला तरी सोडली नाही.