काळ्या पाण्याची हौस

ज्या अंदमानात १९११ साली सावरकरांना, पन्नास वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी, ‘महाराजा’ नामक जहाजातून सरकारी खर्चाने धाडण्यात आले, त्याच अंदमानात सांप्रत सदाशिव पेठेतील सुविद्य दांपत्ये अडीच वर्षांच्या चिरंजीवांसह, स्वखर्चाने आणि रक्कम आगाऊ भरून, सहर्ष रवाना होतात. मेतकूट, साजूक तूप व नाचणीसत्त्व यांचा चोख बंदोबस्त केलेला असतो. परंतु ही बेटे पुण्याच्या सुमारे एकोणीस अंश पूर्वेस असूनही घड्याळ मात्र एकच असल्यामुळे सूर्यनारायण तिथे तासाभराहून अधिक आधी उगवतो, आणि त्याच्या पाठोपाठ चिरंजीवही उगवतात, याचा बंदोबस्त कोणत्याही प्रवासी कंपनीपाशी नाही. पुढे सेल्युलर जेलच्या कोठडीसमोर वडील सद्गदित होऊन कोलूची कथा सांगू लागतात, तोच श्रोता आईस्क्रीमची मागणी पेश करून ती तत्काळ मंजूर करवून घेतो. किनाऱ्यावर त्याने मोठ्या मायेने वेचलेले प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आठवण होताच मातोश्री जप्त करतात, आणि मग जो आक्रोश होतो त्यापुढे समुद्रगर्जनाही फिकी पडते.

हे सर्व बालमनावरील संस्कारार्थ चालते, असे सांगतात. वास्तविक त्या बालमनाला हवी असते केवळ वाळू. आणि ती, पुनर्विकासाच्या कृपेने, पेठेतील प्रत्येक गल्लीत विनामूल्य उपलब्ध आहे.