टवका आणि तडा

परभणीत आमच्या गल्लीत राहणारे अण्णा कृषी विद्यापीठाच्या कचेरीतून सेवानिवृत्त झाले, पण फाईल काही त्यांच्या हातून सुटली नाही. कुठलीही वस्तू समोर आली की तिचं प्रकरण होतं. अभिप्राय मागवले जातात, हरकती येतात, आणि प्रकरण प्रलंबित राहतं.

सध्या प्रलंबित आहे तो लेकीनं पुण्याला जाताना मागं ठेवलेला काचेचा फिशटँक. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. टेम्पोतून उतरवताना त्याच्या वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला, तुरीच्या डाळीएवढा. वापरावा, दुरुस्त करावा, की भंगारात द्यावा?

पहिला अभिप्राय गांधी पार्काकडच्या काचवाल्या मिस्त्रीचा. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, कडेवरून नख फिरवलं, कोपऱ्यापासून खालपर्यंत काच उजेडात तिरपी धरून पाहिली. म्हणाला, "अण्णा, ये टवका है, तडा नै. तडा चलता, टवका बैठा रैता. जोड को लगा नै, पानी वां तक आता नै. पॉलिश पेपर मारो, पानी भरो. नक्को सोचो."

नक्को सोचो! अण्णांना कुणी असं सांगावं?

घरी येऊन त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. चोवीस गुणिले बारा गुणिले पंधरा इंच म्हणजे सत्तर लिटर, म्हणजे सत्तर किलो नुसतं पाणी. मग मला बोलावून दाबाचा धडा दिला. पाण्याचा दाब टँकच्या लांबीवर नसतो, खोलीवर असतो. येलदरीच्या धरणाची भिंत तळाशी रुंद का? म्हणून. म्हणजे वरच्या काठाला दाब सगळ्यात कमी, आणि टवका नेमका तिथंच. सगळं गणित टँकच्या बाजूनं लागलंय हे लक्षात आलं तेव्हा अण्णा दचकले. कागदाची घडी घालून म्हणाले, "तरी पण बघू."

हा माणूस चिक्कू नाही, आळशी तर मुळीच नाही. दुरुस्तीच्या सिलिकॉनसाठी त्यांनी उन्हात सगळा बाजार पालथा घातला. पहिल्या दुकानात न्हाणीघराचं सिलिकॉन मिळालं, पण त्यात बुरशीनाशक असतं, मासे मरतात. ते परत केलं. शेवटी व्हिनेगरसारखा वास मारणारं, साधं, योग्य सिलिकॉन सापडलं. मग कळलं की नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर धरत नाही. लावायचंच तर जुने जोड ब्लेडनं खरवडून काच पुन्हा बसवावी लागेल. आणि गळत तर काहीच नव्हतं! ट्यूब कपाटात आहे. तिची मुदत अण्णा अधूनमधून वाचतात.

"बनी तो बनी, नहीं तो परभनी" असं आमच्या गावाबद्दल म्हणतात. अण्णांचा मुक्काम त्यातल्या स्वल्पविरामावर.

काकूंनी मध्यंतरी "मी त्यात पापड ठेवू का?" असा अर्ज केला होता. "निर्णय व्हायचाय," असं उत्तर मिळालं.

शेवटी मे महिन्यात चाचणी ठरली. तीही मिस्त्रीनंच सुचवलेली. सपाट ओट्यावर थर्माकोल, त्यावर टँक, भोवती जुने पेपर अंथरलेले, म्हणजे एक थेंब जरी गळाला तरी डाग दिसावा. चोवीस तास पाणी टिकलं तर टँक पास. नळाला पाणी आलं त्या पहाटे अण्णांनी पॉलिश पेपर ओला करून टवक्याची धार मारली, टँक काठोकाठ भरला आणि जुन्या रजिस्टरमध्ये वेळ टाकली. दर तासाला वाकून पेपर चाचपायचे. कोरडा. पुढची नोंद. कोरडा.

दुपारी पारा चव्वेचाळीसला टेकला आणि अण्णांचा डोळा लागला. उठून पाहतात तर पाणी निम्म्यावर! धावत जाऊन पेपर चाचपला. खडखडीत कोरडा. टँकभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकले, थर्माकोलच्या कडा दाबून पाहिल्या. मला हाक मारली, "अहो, पाणी गेलं कुठं?"

आत कूलर जोरात सुरू होता. दारात काकू रिकामी बादली घेऊन उभ्या.

"अगं, चाचणी चालू होती ना!"

"मग पाणी काय वाया घालवू? पुढचा नळ कधी येतोय ते माहितंय का तुम्हाला?"

अण्णांनी रजिस्टरमध्ये शेरा मारला: चोवीस तास पूर्ण न झाल्याने चाचणी ग्राह्य नाही, पुढील नळास फेरचाचणी.

पुढच्या नळाला काकू त्यांच्याआधी उठल्या. ओटा झाडला, स्वतःच्या हातानं पेपर अंथरले, नळी टँकमध्ये सोडली आणि आत आवाज दिला, "अहो, उठा, चाचणी घ्यायचीय ना?"