दुपारची झोप कुणाच्या नावावर?

“लागली म्हणं नोकरी?”

आक्का भिंतीवरून काही विचारतात तेव्हा त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं. आमच्या आणि त्यांच्या परड्यामधली ही भिंत कंबरेएवढी. ती उंच करायची असं दोन पिढ्या ठरतंय, पण मग गप्पा कुठं मारायच्या, या एका अडचणीपायी काम राहिलंय. मागच्या घरातली सून दोरीवरचे कपडे काढत होती. प्रश्न तिला होता.

“लागली की आक्का. एक तारखेपासनं. असिस्टंट म्हणून घेतलंय. आता पाळी कुठली पाहिजे ते उद्या सांगायचंय. सकाळ, दुपार का रात्र.”

“विचारलंय? तुला?” आक्कांनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली. “आम्हाला कुणी विचारलं न्हाई बाई कधी. भिंतीला ड्युटी लिस्ट लागायची, त्यात आपलं नाव हुडकायचं. पुढं नाईट दिसली की गप घरला येऊन भाकरी थापायची.”

आक्कांची सगळी हयात एका मोठ्या दवाखान्यात मावशी म्हणून गेली. दवाखान्यात रक्ताशिवायची दोन नाती फुकट मिळतात. बाई असली की मावशी, बाप्या असला की मामा. बेडपॅन द्यायचं, अंग स्पंज करायचं, चादरी बदलायच्या, लघवीची पिशवी मोजून ओतायची, पेशंटला व्हीलचेअरवर घालून एक्स-रेला न्यायचं, हे सगळं मावशी-मामांच्या खात्यावर. आता त्याचाच कोर्स निघालाय. जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात, युनिफॉर्म असतो, खिशावर नावाची पट्टी असते. पेशंट मात्र ती पट्टी वाचत बसत नाही. ह्या पोरीला अजून तिशीही लागली नाही. पहिल्याच दिवशी ऐंशी वर्षांचे आजोबा तिला “ओ मावशी” म्हणून हाक मारतील तेव्हा तिचं तोंड बघायला पाहिजे.

“मी नाईटच घेतो म्हणतोय,” ती म्हणाली. “रात्री पोरगं झोपलेलं असतंय. सकाळी आलो की त्याचं आवरायचं, स्वैपाक करायचा, दुपारी जरा पडायचं. परत रात्री जायचं. घराचं काय अडत न्हाई बघा. वर नाईटचे थोडे जास्त पैसे.”

“घराचं न्हाई अडत. तुझं अडंल त्याचं काय?”

आणि मग आक्का सुरू झाल्या. त्यांचा हिशेब साधा असतो. बहुतेक दवाखान्यांत सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते आठ. म्हणजे दिवसाच्या दोघी सहा-सहा तास आणि रात्रीची एकटी बारा तास. “ओव्हर देऊन बाहेर पडूस्तवर साडेआठ. केएमटी मिळून घरात यायला सव्वानऊ. अंघोळ, च्या. डोळा लागला की गॅसवाला. तो गेला की कुरिअर. मग भावकीतलं कोणतरी, ‘नाईट हाय न्हवं, मग दिवसभर घरातच असतीस’ म्हणून बसाय येतंय. सासू म्हणती, घरातच हाईस तर तेवढं दळण आण. त्यात वाईट कोण न्हाई. पण दिवसाउजेडी झोपलेली बाई कुणाच्या डोळ्याला सोसत न्हाई. तुझा नवरा शिरोलीला फौंड्रीत थर्ड शिफ्ट करून येतोय तवा काय हुतंय?”

पोरगी हसली. काय होतं ते आम्हा सगळ्यांनाच माहीत आहे. त्या घरात दुपारपर्यंत टीव्ही बंद, कुकरची शिट्टी बंद. सासूबाई गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनासुद्धा दुसऱ्या बोळात पिटाळतात. बाप्याची झोप अख्ख्या गल्लीची जबाबदारी असते.

“ती झोप तुझ्या नावावर होणार असंल तर खुशाल नाईट घे,” आक्का म्हणाल्या. “न्हाईतर रात्री वॉर्डात जागशील आणि दिवसा घरात.”

एवढ्यात पलीकडच्या अंगणातून गुरुजी आले. गुरुजींनी हायस्कूलला विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. “आक्का, याच्यावर नोबेल मिळालंय,” ते म्हणाले. “2017 साली. हॉल, रोसबॅश आणि यंग. फळावर बसणारी बारकी माशी असते ना, तिच्या पेशीत घड्याळ कसं चालतं ते त्यांनी शोधलं. तसंच आपल्यात असतं. कधी झोप, कधी भूक, अंग कधी गरम, सगळं तेच ठरवतं.”

“माशीला कळतंय, मेट्रनला कळंना,” आक्का म्हणाल्या.

गुरुजी हटले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्येच सांगून ठेवलंय, वर्षानुवर्षं रात्रपाळी केल्याने बहुधा कर्करोगाचा धोका वाढतो, आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून मत तेच ठेवलं. हे ऐकून पोरीचा चेहरा उतरला, तेव्हा गुरुजी घाईने म्हणाले, “बहुधा, म्हटलंय. घाबरायचं नाही. पण सकाळी घरी येताना गॉगल लाव. कोवळं ऊन डोळ्यात गेलं की मेंदू समजतो दिवस उजाडला, आणि मग झोप येत नाही. खिडकीला जाड पडदा लाव. आणि पाळ्या फिरत्या असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढं सरकत्या मागून घे. उलट्या घेतल्या तर शरीराला जड जातं. उशिरा झोपणं जमतं माणसाला, लवकर झोप म्हटलं की येत नाही.”

गुरुजींचं हे मला पटलं. कोणती पाळी वाईट यावर सगळे बोलतात. पाळी कुठल्या क्रमाने फिरते याकडे कुणी बघत नाही.

“रात्री काम तरी कमी असंल न्हवं?” मी विचारलं.

“कमी?” आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की विचारलं नसतं तर बरं झालं असतं. “वैनी, अंथरुणाला खिळलेला माणूस असला की दर दोन तासाला कूस बदलाय लागती, न्हाईतर पाठीला जखम हुती. तिला रात्र कळती हुय? म्हातारी माणसं दिवसभर शहाणी असत्यात, अंधार पडला की सलाईन उपसून घराकडं निघत्यात. एक आजोबा रोज रात्री वैरण टाकाय उठायचे. मी म्हणायचो, आबा, म्हशींना टाकली मी वैरण, झोपा. मग झोपायचे. आणि पहाटं चारला आपल्याच अंगातनं जीव गेल्यागत हुतंय. थंडी वाजती.”

“त्या वेळेला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं,” गुरुजी.

“असंल. आम्ही स्वेटर घालायचो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण खरं सांगू? पेशंटची ओळख रात्रीच हुती. दिवसा नातेवाईकच बोलत असत्यात.”

सकाळच्या पाळीचं मात्र त्यांनी मनापासून कौतुक केलं. डॉक्टरांचा राऊंड, ड्रेसिंग, तपासण्या, सगळं सकाळी. धावपळ सगळ्यात जास्त, पण नवीन पोरीला शिकायचं असेल तर तिथंच. सिस्टरच्या हाताशी उभं राहिलं की बीपी कसं घ्यायचं, नळीतनं पेज देताना डोकं किती वर धरायचं, हे आपोआप कळतं. अडचण एवढीच की आठच्या पाळीची बाई पाचला उठते. नळाचं पाणी, डबे, पोराचं दप्तर. आठला ती दवाखान्यात पोचते तेव्हा तिची एक पाळी झालेली असते.

दुपारची कुणालाच नको असते. पोरगं शाळेतनं येतं तेव्हा आई नाही, परत आल्यावर ते झोपलेलं. भेटायच्या वेळेला नातेवाइकांची जत्रा, एका पेशंटमागं सहा माणसं आणि त्यातल्या चौघांच्या हातात नारळपाणी. पण झोप पुरी होते, आणि फार रात्र व्हायच्या आत बस मिळते. “आणि नको ती पाळी आपणहून घेणाऱ्या बाईला मेट्रन विसरत न्हाई,” आक्का म्हणाल्या. “सणाला सुट्टी मागाय तोंड राहतंय. सण मात्र सगळे दुपारपाळीवरच येत्यात. दसऱ्याला चौकात सोनं लुटायचं सूर्य मावळताना. अंबाबाईचा किरणोत्सव 9 नोव्हेंबरपासनं तीन दिवस, तो बी मावळतीलाच. मी आणि आमच्यातली एक मुसलमान मावशी, दोघींनी वर्षानुवर्षं अदलाबदली केली. तिच्या ईदला मी, माझ्या दसऱ्याला ती. मेट्रनला कागद द्यायची बी गरज पडली न्हाई.”

“आणि रात्री जायचं-यायचं?” पोरीने हळूच विचारलं. “आत्ती तेच म्हणत्यात. बाईमाणसानं रात्री बाहेर म्हणजे…”

आक्का गंभीर झाल्या. “अरुणा शानभाग ऐकलीस? मुंबईला केईएमला नर्स होती. 27 नोव्हेंबर 1973. नाईट नव्हती तिची. दिवसाची ड्युटी संपली हुती, कुत्र्यांवर प्रयोग करायच्या लॅबच्या तळघरात कपडे बदलाय गेली हुती. तिथल्याच सफाई कामगारानं हल्ला केला. त्यातनं ती उठली न्हाई. 18 मे 2015 ला गेली. तवर एक्केचाळीस वर्षांच्या वर तिथल्या नर्सनी तिला सांभाळलं, आणि पाठीला जखम हुऊ दिली न्हाई म्हणत्यात. म्हणून सांगतो, घड्याळ बघू नकोस. कपडे बदलायची खोली कुठं हाय, कडी आतनं लागती काय, बोळात दिवा हाय काय, गेटवर कोण असतंय, ते उद्या जाऊन बघ. मग सही कर.”

सहीवरून मला आठवलं. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे, त्यात दवाखानेही येतात. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे, सुरक्षेची सोय पाहिजे आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची व्यवस्था पाहिजे. मी हे सांगितलं.

“संमतीचा कागद पहिल्या दिवशी पुढं करत्यात,” आक्का म्हणाल्या. “गाडीचं विचारलं की ‘बघूया’. कागद एकच हाय म्हणावं, दोन्ही लिहा त्यात.”

मग 2019 चा महापूर निघालाच. कोल्हापुरात कुठलीही गोष्ट शेवटी तिथं जाते. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि नाईटवाल्यांना सोडवायला दुसऱ्या दिवशी कुणी पोचलंच नाही. आक्कांच्या ओळखीतल्या बायकांनी सलग ड्युट्या केल्या, पेशंटच्या पेजेतलीच पेज प्याल्या. “पाळी संपती ती घड्याळात न्हाई. बदली माणूस आला की संपती,” एवढंच त्या म्हणाल्या आणि मेथीकडं वळल्या.

“तुझ्या नवऱ्याची थर्ड शिफ्ट कवा असती?”

“दर तिसऱ्या आठवड्याला.”

“आणि त्याच आठवड्यात तुझी नाईट आली तर पोराजवळ कोण? आत्तींना रात्री गोळी घेतल्यावर ढोल वाजला तरी कळत न्हाई, तूच सांगतीस. दोन ड्युटी लिस्ट आहेत तुमच्या घरात. आधी त्या दोन्ही शेजारी शेजारी ठेव. मला विचारशील तर पहिले काही महिने सकाळची माग, काम हातात बसू दे. मग नाईट लागलीच तर त्याच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात. आणि नर्सिंग ब्युरोच्या चोवीस तासाच्या कामाला हात लावू नकोस. पैसे दिसत्यात, पण त्यात पाळीच नसती.”

पोरगी कपड्यांची घडी घालत मनात तारखा मोजत होती, तेवढ्यात तिच्या सासूबाई मागच्या दारात आल्या. कोण काय बोलतंय ते त्यांनी आतून ऐकलंच असणार.

“वहिनी,” आक्कांनी सरळ विषयाला हात घातला, “सून नाईट करून आली की दहा ते तीन तिच्या खोलीची कडी आतनं. कुणी वाजवायची न्हाई.”

“आता गं बया! मी काय नगारा बडवतोय व्हय?” सासूबाई म्हणाल्या. “झोपू दे की. पण भर दुपारची सून दार लावून झोपली म्हणल्यावर चार घरं काय म्हणतील?”

“चार घरं म्हणजे कोण? हे गुरुजी, ह्या वैनी, मी आणि तुम्ही. आम्ही तिघं झोप म्हणतोय. तुमचं सांगा.”

सासूबाईंनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. “गॅसवाला आला तर?”

“सिलेंडर आमच्यात उतरून घेतो. सांगा त्याला.”