जरा डोळे मिचकावा!

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सामान्य माणसाला नेमकं काय वाटतं, हे शोधायला पुण्या-मुंबईत परिसंवाद भरतात. हॉल, फेटे आणि स्मृतिचिन्हांवर एवढा खर्च करण्यापेक्षा आयोजकांनी बाजाराच्या दिवशी हरसूलला यावं. गिरणारे मागे पडलं आणि वाघेऱ्याचा घाट लागला, की मोबाईलची रेंज परस्पर रजेवर जाते आणि माणसं मोकळेपणाने बोलू लागतात.

पहिलं मत मिळेल बॅनरवाल्याकडे. तिथे एक भावी सरपंच उभे आहेत. (हरसूल पट्ट्यात विद्यमान सरपंच मोजके, भावी मुबलक.) त्यांच्या वाढदिवसाच्या फलकावरचा फोटो ‘एआय’ने केलाय. खांदे रुंद, केस दाट, मागे धबधबा आणि बाजूला वाघ. बॅनर चौकात लागल्यावर त्यांच्या आईने विचारलं, “ह्यो कोन रं?” तरी भाऊ खूश होते. मग विरोधी भावी सरपंचांचा बॅनर लागला. तेच खांदे, तोच वाघ. तेव्हापासून भाऊंचं ठाम मत आहे की हे एआय समाजाला घातक असून त्यावर बंदी यायला हवी. स्वतःपुरतं मात्र चालू ठेवायला त्यांची हरकत नाही.

मास्तरांचं दुखणं वेगळं. एका पोराने ‘माझे गाव’ हा निबंध फोनला विचारून लिहिला. भाषा अशी की मास्तरांना वाटलं, पोरगं अधिकारी होणार. दुसऱ्या परिच्छेदात मात्र हरसूलला भलामोठा तलाव निघाला आणि मध्यवर्ती कारागृहही. फोनने त्र्यंबकेश्वर तालुका सोडून थेट छत्रपती संभाजीनगरचं हरसूल गाठलं होतं. मास्तरांनी पोराला फैलावर घेतलं, “स्वतःचं डोकं वापर!” आणि स्टाफरूममध्ये येऊन आपल्या फोनला हळूच सांगितलं, “विद्यार्थ्यांकडून होणारा एआयचा गैरवापर, यावर पाचशे शब्दांत प्रशिक्षण अहवाल दे. आजच पाठवायचाय.”

मला स्वतःला सगळ्यांत पटलं ते एका म्हाताऱ्या शेतकरी बाबांचं म्हणणं. भाताला कीड लागली म्हणून नातवाने त्यांच्या वतीने फोनला प्रश्न विचारला. उत्तराची सुरुवात झाली, “आपण अतिशय चांगला प्रश्न विचारला आहे.” बाबा औषधाचं नाव विसरले, हे वाक्य विसरले नाहीत. एवढ्या वर्षांत तलाठी कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात त्यांनी प्रश्न काय कमी विचारले? तुमचा प्रश्न चांगला आहे, असं कुणी म्हटलं नव्हतं. ‘उद्या या’ मात्र सगळ्यांनी म्हटलं होतं. तरीही औषध आणायला बाबा गेले ते नेहमीच्या खतवाल्याकडेच. नातू म्हणाला, “आजोबा, तो जे शिल्लक असेल तेच देतो.” बाबा म्हणाले, “ठाऊक हाय. पन उधारी कोन देतं? तुजा फोन?”

कृषिखात्याने या उत्तरावर विचार करावा. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. ‘महाविस्तार’ ॲप शेतकऱ्याशी मराठीत बोलतं. उत्तम आहे. पण ज्या बाबांची पोरं दिवाळी सरली की द्राक्षबागेच्या मजुरीसाठी गिरणाऱ्याच्या नाक्यावर उभी राहतात, त्यांना सल्ल्याइतकीच उधारीचीही टंचाई आहे. तेवढी सोय पुढच्या अपडेटमध्ये बघा.

आतापर्यंतची मंडळी सुखी म्हणायची. भाऊ, मास्तर, बाबा यांना एआय आवडलं तर वापरता येतं, नाही आवडलं तर फोन खिशात घालता येतो. आवड-नावड असायला आधी निवड असावी लागते. आता अंगणवाडीत चला.

पोषण ट्रॅकर ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा पोषण आहार द्यायचा नाही, हा नियम १ जुलै २०२५ पासून देशभर सक्तीचा झाला. चेहरा ओळखणारं ते यंत्र म्हणजेही एआयच, पण त्याच्याविषयी आपल्याला काय वाटतं हे गरोदर बाईला कुणी विचारलेलं नाही. अंगणवाडी ताई फोन उंच धरून म्हणतात, “जरा डोळे मिचकाव.” मागे सासू उभी, पुढे फोन, आणि सून चारचौघांत डोळे मिचकावतेय. रेंज आली तर चेहरा जुळतो, नाही आली तर ताई फोन घेऊन टेकाडावर आणि सून ताईंच्या मागे. सातव्या महिन्यात चालणं चांगलं असतं म्हणा!

याच भागात बोहाडा होतो. माणसं लाकडी-कागदी मुखवटे चढवून देवाची, राक्षसाची सोंगं घेतात, आणि पोरंसोरं लांबून चालीवरून सांगतात, हा अमक्याचा काका. गाव मुखवट्याआडचा माणूस ओळखतं. दिल्लीच्या यंत्राला उघडा चेहरा पटत नाही.

रोजगार हमीचं पाहा. महाराष्ट्राने १९७७ साली कायदा करून देशाला वाट दाखवली, तेव्हा हजेरीला मस्टर पुरायचं. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. हेतू काय, तर खोट्या हजेऱ्या बंद व्हाव्यात. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच ग्रामीण विकास मंत्रालयाला परिपत्रक काढून कबूल करावं लागलं की भलतेच फोटो चढवले जातात, काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढला जातो. म्हणजे लबाडाने यंत्राला केव्हाच मामा बनवलं, अडकून पडला तो खरा घाम गाळणारा.

आता २०२७ च्या सिंहस्थात गर्दीवर नजर ठेवायला एआय कॅमेरे येणार म्हणतात. त्र्यंबक आमचाच तालुका, तेव्हा तिथे हे कॅमेरे लाखो भाविकांची गर्दी मोजतील याचा अभिमान वाटतोच. त्याच तालुक्यातली एक बाई आहाराच्या एका पाकिटासाठी मोजली जाईना, ही किरकोळ तांत्रिक अडचण समजावी.

साहेबांना विनंती एकच. एआय आणा, कॅमेरे लावा, परिसंवाद भरवा, फेटे बांधा. फक्त एक छोटा आदेश काढा: चेहरा जुळला नाही, रेंज गेली, ॲप बसलं, तर अंगणवाडी ताईच्या सहीवर त्याच दिवशी आहार द्यावा आणि मस्टरवरच्या अंगठ्यावर मजुरी द्यावी. आदेशाचा मसुदा हवा तर एआयकडून लिहून घ्या. सही तेवढी स्वतः करा.